धनुष्य तयार आहे, फक्त उठत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना सांग, खोकला परवडला, पण धनुष्य करायचा नाद नको.

हो, मी अजून तेच करतोय. पहिलं धनुष्य तिरंदाजीच्या क्लबात सगळ्यांदेखत ताणताना उकललं आणि त्याची एक पट्टी उडून वकिलांच्या चहात पडली. (हे आमचे शेजारी. नेम बरा आहे, जीभ त्याहून बरी.) दुसरं घरच्या घरीच कडाडलं. त्यावर क्लबात वकील म्हणाले, "काका, तुमच्या धनुष्यावर कपडे वाळत घाला." सगळे हसले. मला ते फार लागलं गं. तिथल्या तिथे सांगून टाकलं, रविवारच्या स्पर्धेत स्वतः केलेल्या धनुष्यानेच उतरेन, नाहीतर पुन्हा क्लबाचं तोंड बघणार नाही. आता माघार नाही.

या खेपेला सगळं पद्धतशीर. लाकडाच्या पातळ पट्ट्या तासल्या. मागच्या खोलीतल्या जड टेबलावर (कुठलं टेबल ते पुढे येईल) पेन्सिलीने धनुष्याचा बाक काढला आणि त्या रेषेवर लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के केले. आता पट्ट्यांना इपॉक्सी (म्हणजे पक्का गोंद) फासायचं, त्या एकमेकींना लावून ठोकळ्यांशी वाकवायच्या आणि शिकंजे आवळायचे. पण इपॉक्सी एकदा कालवलं की कुणासाठी थांबत नाही, आणि फासलेल्या पट्ट्या साबणासारख्या निसटतात. शिकंजे कमी पडले, सायकलची ट्यूब गुंडाळली, शेवटी तुझ्या भावजयीला हाक मारली. बिचारी हातांना पिशव्या बांधून एक टोक दाबून उभी राहिली. तोंडाने काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही, पण टोक सोडलं नाही.

तिची अट एकच होती, घरात कुठे डाग पडता कामा नये. म्हणून मी प्लास्टिक आणून जमीन झाकली, कपाट झाकलं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा झाकलं (का, ते विचारू नकोस). तिथेच प्लास्टिक संपलं. जिथे ते मुळात घालतात, म्हणजे पट्ट्यांच्या खाली, तिथे घालायचं राहिलं. सकाळी शिकंजे काढले. काय देखणं झालंय म्हणून सांगू, पट्ट्यांच्या फटीत नख शिरत नाही! फक्त ते टेबलावरून उठत नाही. जमिनीवर मात्र एक डाग नाही. तुझी भावजय म्हणते, कापा ते धनुष्य. मी म्हटलं, मेलो तरी धनुष्याला करवत लावणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. टेबल म्हणजे तेच गं, घर बदलताना तू आमच्याकडे ठेवलेलं, तुझ्या सासूबाईंचं सागवानी. ते न्यायला पुढच्या आठवड्यात टेम्पो पाठवणार होतीस. नको पाठवूस.

ता. क. २. पत्र टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. धनुष्य सुटलं! करवत मी टेबलालाच लावली. धनुष्याला चिकटून आलेलं सागवान तासून काढलं, मुठीपाशी तेवढं ठेवलं, आणि मूठ हातात काय बसते म्हणतेस! रविवारी तीर बरोबर मध्यावर. वकील चहा खाली ठेवून उठले, धनुष्य उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "काका, मलाही असंच एक द्या करून." मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

ता. क. ३. त्या टेबलाच्या खुर्च्या अजून तुझ्याकडेच आहेत ना? नाही, टेबलाशिवाय तू त्यांचं काय करणार, म्हणून आपलं विचारलं.