चाळिसावे पाकीट

दिल्ली, १५ जानेवारी २००१

ती. पप्पांस सा. न. वि. वि.

घडले ते असे:

१. शांतिसेनेच्या प्रशिक्षणात ८ तारखेला आम्हा चाळीस जणांकडून घरच्यांसाठी अखेरचे पत्र लिहून घेतले. आफ्रिकेत माणूस गेला, तरच ते घरी पाठवतात.

२. पाकिटावर फक्त पत्ता हवा होता. मी सवयीने तिकीटही लावले.

३. तिकीट पाहून कारकुनाने ते टपालात टाकले.

४. काल मोजणीत एकोणचाळीस पाकिटे भरली. मी लगेच शेजारी वॉल्टरकाकांकडे फोन केला. माझा आवाज ऐकताच त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मागे आपल्या घरातली रोझरीची प्रार्थना ऐकू येत होती. ती माझ्यासाठी चालली होती. तुम्ही फोनवर आलात, पण मी जिवंत आहे एवढेच सांगता आले.

आई कशी आहे, एवढे कळवा.

आपली, रिटा

राजोडी, २० जानेवारी

चि. रिटा हिस अनेक आशीर्वाद.

त्या अखेरच्या पत्राची पहिलीच ओळ वाचून मी खाली बसलो. चर्चमधल्या बॅप्टिस्टने मयताची घंटा वाजवली. माणसं वाडीतून चिखलाच्या पायांनी धावत आली. तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलली, की सुट्टीत आलीस तर तसं वागावं लागेल. बॅप्टिस्ट आता विचारतो, वाजवलेली घंटा परत कशी घ्यायची.

आईचं मात्र वेगळं आहे. आफ्रिकेला जायचा हुकूम झालाय, असं तू सांगितलंस. तो रद्द व्हावा म्हणून ती दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना करत होती. पत्रात निघालं, की हुकूम नव्हताच, नाव तूच दिलंस. तुझा फोन आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मेल्यावर खरं बोलली, जिवंतपणी नाही." तेव्हापासून तुझं नाव काढत नाही. मी मध्ये पडणार नाही, पोरी. तूच तिला लिही.

तुझ्या आवाजाने सुखावलेला,
पप्पा

दिल्ली, २५ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

हुकुमाशी तू भांडली नसतीस, माझ्याशी भांडली असतीस. म्हणून खोटे सांगितले. चूक माझी.

संदेश पाठवायचा रेडिओ चालवायला मी शिकले आणि तिथे त्याची गरज आहे. मला जायचे आहे. नाव मागे घेण्याची मुदत १० फेब्रुवारी. तू नको म्हणालीस तर मागे घेईन, आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही.

पप्पांकरवी निरोप नको. तुझ्या हातचे उत्तर ८ फेब्रुवारीपर्यंत मला मिळावे.

माया राहू दे.
रिटा