पाच मात्रांचा शब्द

॥ श्री ॥

अबू हमूर, दोहा
१२ जानेवारी २०२५

चि. बालाजीस पोपटदादाचे पोटभर आशीर्वाद.

आज उजाडता उजाडता भोंगा ऐकला. आपल्या खाणीच्या कॉलनीतला, पहिल्या पाळीचा. आधी घसा खाकरल्यासारखा खाली घुमायचा, मग चढत चढत जायचा आणि शेवटी फाटायचा. तू कानांत बोटे घालायचास आणि मी त्याच सुरावर बाईंनी शिकवलेली कविता म्हणायचो. उठून बसलो तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप सुरू झाला होता. तरी बराच वेळ वाटत राहिले की आबा आता डबा घेऊन निघतील, आणि आपण दाराशी जायला हवे.

इकडे सारे क्षेम आहे. चेतन साडेसहाला ऑफिसला जातो, स्वप्ना त्याच्यामागून तिच्या लॅबमध्ये, कोमल शाळेच्या बसने. मग अडीचपर्यंत मी आणि फ्रिज. तोही मधूनमधून बोलायचा थांबतो. आमच्या कंपाउंडमध्ये बारा घरे आहेत, सगळी पांढरी, सगळी एकसारखी. पहिल्या महिन्यात मी दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावत बसलो होतो. बाहेर रस्त्याने चालावे तर चालणारा मी एकटा. टॅक्सीवाले हॉर्न देतात. पायी निघालेला म्हातारा त्यांना वाट चुकलेला वाटत असावा. मराठी बोलायला मिळतो तो फक्त कंपाउंडचा ड्रायव्हर मुदस्सिर. श्रीवर्धनकडचा आहे. मी कविता म्हणू लागलो की तो दोन ओळी ऐकतो आणि यल्ला, चला काका, शाळा सुटायची वेळ झाली, असे म्हणून गाडी काढतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पडद्यावर तुझे नुसते ओठ हलताना मला बघवत नाही, म्हणून पत्रच बरे. इथे पोस्टमन घरी येत नाही. पत्रे चेतनच्या ऑफिसच्या पेटीत पडतात आणि त्याला आठवण झाली की माझ्यापर्यंत पोचतात. तेव्हा उशीर झाला तर रुसू नकोस.

आता कामाचे. कोमलला शाळेत इतिहासाचा प्रकल्प आहे. इंग्लंडातल्या एखाद्या जिल्ह्यातल्या कोळसाखाणी कशा चालल्या आणि कशा बंद पडल्या, ते लिहायचे आहे. मी म्हटले, अगं, नॉटिंगहॅमशायर घे, तिथे तुझे स्वतःचे धाकटे आजोबा आहेत. चौऱ्याऐंशीच्या संपात ते वर्षभर कामाविना राहिले, पण वाकले नाहीत. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर मोबाइल खाली ठेवून बसली. तुझे तेव्हाचे पत्र मी आपल्या युनियनच्या गेट मीटिंगमध्ये वाचून दाखवले होते, तेही सांगितले: दादा, तू लिहिलेस तसा सगळ्यांबरोबर उतरलो. कसल्या टाळ्या पडल्या होत्या. तर त्या वर्षाबद्दल एक पान तुझ्या हातचे पाठव. मार्चअखेर द्यायचे आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा. तुझी शालू असती तर तिने लावायला लावले असते.

माझा लोभ आहेच, तुझा आटू देऊ नकोस.

तुझा,
पोपटदादा


॥ श्री ॥

नॉटिंगहॅमशायर
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास बालाजीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पावले. पेटीत किती दिवस निजले होते ते चेतनला विचार.

तू फ्रिजशी बोलतोस, माझे त्याहून बरे आहे. इथे लोक एकमेकांना बदक म्हणतात. शिवी नाही, लाडाचा शब्द आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातली मुलगी दूध देताना मला रोज बदक म्हणते. दिवसभरात मला हाक मारणारी तेवढीच. म्हणून मी दूध रोज अर्धाच लिटर आणतो.

कोमलसाठी आधी इतिहास सांगतो. मी एकोणसत्तर साली आलो तेव्हा कुठल्याही टेकाडावर उभे राहिले तरी दोन-तीन खाणींचे चाकांचे मनोरे दिसत. संपाच्या वर्षी जिल्ह्यात पंचवीसेक खाणी होत्या. आमची त्र्याण्णवला बंद झाली, शेवटची दोन हजार पंधराला. कोळशावर चालणारे शेवटचे वीजघरही गेल्या सप्टेंबरात थंडावले. आमच्या खाणीच्या जागी आता गोदाम आहे. मातीच्या ढिगावर गवत लावून बाग केली आहे, तिथे लोक कुत्री फिरवतात. माणसांचा पिंजरा खाली-वर करणाऱ्या चाकाचा अर्धा भाग गावाच्या तोंडाशी सिमेंटमध्ये रोवला आहे आणि त्याच्या आऱ्यांमध्ये नगरपालिका फुले लावते. मी त्या चाकाच्या मोटारीची देखभाल केली आहे, दादा. ते अर्धे पाहिले की उरलेले अर्धे कुठे नेले असेल, हाच विचार येतो.

आता दुसरे. हे लिहायला तीन दिवस लागले. कोमलला खोटे लिहायला लावू नकोस. मी संपात नव्हतो.

तुला ठाऊक आहे असेच मी आजवर समजत होतो. कारण तूच लिहिले होतेस. इथे यॉर्कशायरचे लोक म्हणत होते बाहेर या, आमच्याकडचे बहुतेक म्हणत होते, मतदान घेतल्याशिवाय कसला संप. मी तुला विचारले, काय करू. तुझी कविता आली. अजून पाठ आहे.

मागे राहू नको गड्या तू
सगळे उतरती, उतर तूही

आमच्या पाळीचे बहुतेक सगळे उतरत होते. मीही उतरलो. वर्षभर, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून फाटकातून आत जायचो आणि पिंजऱ्यातून खाली उतरायचो. फाटकाबाहेर जे थोडे उभे होते त्यांत रॉय होता. सत्त्याहत्तरच्या फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला उंच माणूस, तोच. पहिल्या दिवशी पिंजरा सुटताना गुडघे थोडे वाकवून उभे राहायचे असते, हे त्याने मला शिकवले. तो समोरच्याच घरात राहतो. चाळीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. शालूशी त्याची बायकोही नाही. आम्ही काम चालू ठेवले तर आमच्या खाणी राहतील, असे आम्हाला सांगत. आमची खाण राहिली का? उतरलेल्यांची आणि न उतरलेल्यांची, दोघांची एकाच दिवशी बंद झाली. त्या दिवशी तरी तो बोलेल असे वाटले होते.

शालू गेली तेव्हा गाडी निघताना मी समोर पाहिले. रॉयच्या घराचे पडदे ओढलेले होते. इथे मयताच्या मानासाठी पडदे ओढायची रीत आहे. मानासाठी ओढले की आम्हाला पाहायला नको म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. आता त्याचीही बायको गेली. एवढ्याशा रस्त्याच्या दोन बाजूंना दोन म्हातारे, दोघांचे कचऱ्याचे डबे मंगळवारी बाहेर. तो आपला डबा मी आत गेल्यावर आणतो.

तू संपाची गोष्ट कुठून आणलीस ते कळव. तुझी तब्येत बरी आहे ना?

राग नाही, कोडे मात्र आहे. माया असू दे.

तुझा धाकटा,
बालाजी


॥ श्री ॥

अबू हमूर, दोहा
२ मार्च २०२५

चि. बालाजी, आशीर्वाद. ते द्यायची लाज वाटते आहे, पण थोरल्याकडे दुसरे काय असते.

तुझे पत्र मुदस्सिरच्या गाडीत वाचले. त्याने विचारले, काका, गावाकडे कोणी गेले काय. मी मान हलवली. मग तो मला वक्र्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेला, कागदी पेल्यातला चहा हातात दिला आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. तिथे बसून पत्र पुन्हा वाचले.

बालाजी, मी तुला संपात उतर म्हणालो होतो.

तेव्हा मी आपल्या खाणीच्या लॅम्प रूममध्ये कारकून होतो आणि युनियनचा सभासद. आमच्याकडे गेटवर रोज तेच शब्द: अमके संपात उतरले, तमके उतरणार. माझ्या पहिल्या कच्च्या कागदावर स्पष्ट लिहिले होते, सगळे संपात उतरती, उतर तूही. पण चाल बसेना. पहिल्या ओळीच्या सोळा मात्रा झाल्या होत्या. ‘सगळे’ तर हवेच होते, आणि त्याच्याजोडीला ‘संपात’ घातले की पाच मात्रा जास्त व्हायच्या. रात्रपाळीला दिव्यांच्या रॅकसमोर बसून बोटांवर मोजत होतो. शेवटी मनाशी म्हटले, कशात उतरायचे ते बालाजीला का कळणार नाही. तो शब्द खोडला. ओळ कशी छान वाहू लागली. वाहतच गेली, बघ.

खाणीतल्या माणसाला उतर म्हटले की तो कुठे उतरेल, हे मला सुचू नये? रोज सकाळी हजार माणसांना दिवा हातात देऊन मीच तर खाली उतरवत होतो. मग तुझे उत्तर आले, उतरलो म्हणून. मी ते माझ्या अर्थाने वाचले आणि टाळ्या घेतल्या. आयुष्यात माझी कुठली ओळ कोणी पाळली असेल तर तीच. चाळीस वर्षे मी ती इथे-तिथे म्हणून दाखवत आलो. तुझ्या दारापुढचा रस्ता तिने तोडला, हे मला माहीतच नव्हते.

कोमलला सगळे सांगितले. तिला मराठी कळते, उत्तर इंग्रजीत देते. तिने दोनदा विचारले की खरोखर फक्त मोजणी चुकू नये म्हणून शब्द काढला का. मी हो म्हटले. मग म्हणाली, आजोबा, हे त्या शूर गोष्टीपेक्षा पुष्कळ वाईट आहे आणि पुष्कळ चांगले आहे. प्रकल्पात हेच लिहिणार आहे. तिच्याकडून मी रॉयसाठी इंग्रजीत पत्र लिहून घेतले, ते सोबत आहे. त्यात सगळा दोष माझा असल्याचे लिहिले आहे. ते त्याला दे. एवढे माझ्यासाठी कर.

आणि मग इकडे निघून ये. चेतन म्हणतो, मागची खोली रिकामीच आहे. दोघे मिळून रस्त्याने चालू. टॅक्सीवाल्यांना वाटेल वाट चुकलेले आता दोन झाले. तिथे तुझे आता कोण आहे?

उत्तराची वाट पाहतो. रोज चेतनला पेटीबद्दल विचारतो, तो खोटे बोलत नाही एवढे बरे.

लोभाला मी पात्र नाही, तरी तो ठेव.

पोपट


॥ श्री ॥

नॉटिंगहॅमशायर
१४ एप्रिल २०२५

ती. दादास बालाजीचा नमस्कार, वि. वि.

उत्तराला उशीर केला. पेटीचा दोष नाही, माझाच. आधी तुझा खूप राग आला. पाच मात्रांसाठी. स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने बोललो तुला. मला स्वतःला ऐकू आले म्हणजे बरेच मोठ्याने असणार.

मग दोन-चार दिवसांनी राग उतरला आणि खालचे दिसले. दादा, तुझे ते पत्र आले तेव्हा मी ते शालूला वाचून दाखवले होते. तिने लगेच म्हटले होते, भाऊजी संपात उतरा म्हणताहेत. मी तिला हसलो. म्हटले, खाणीतल्या माणसाला उतर म्हणजे एकच, तुला काय कळते. ती म्हणाली, मग पुन्हा एक पत्र टाकून विचारा. मी विचारले नाही. मला वर्षभर घरी बसायची भीती वाटत होती. परक्या देशात चुकीच्या बाजूला सापडायची भीती वाटत होती. बहुतेक लोक जिकडे होते तिकडे मला जायचे होते, आणि तुझी ओळ माझ्या बाजूने लावता येत होती. ती मी लावली. कोणी विचारले की थोरल्या भावाने सांगितले, असे म्हणायची सोय झाली. शालूने पुढे कधी तो विषय काढला नाही. रॉयच्या बायकोने तोंड फिरवले तेव्हाही नाही. याचे मला आत्ता जास्त वाटते.

तेव्हा तुझा शब्द गळला, पण मीही तो गळू दिला. निम्मे ओझे तुझे म्हणणार होतो, पण तुझ्या वाट्याचे होतेच किती. उरलेले माझे मला राहू दे. आणि ती कविता लोकांना म्हणून दाखवणे आता बंद कर. चालही फारशी बरी नाही.

कोमलच्या पत्राखाली मी स्वतःच्या हाताने हे सगळे लिहिले. भावाचा घोटाळा खरा, पण मला दुसरा अर्थ माहीत होता, असे. घाबरलो होतो, असेही लिहिले. तीन तारखेला रस्ता ओलांडला. चाळीस वर्षांत त्या बाजूच्या फुटपाथवर मी कधी पाय ठेवला नव्हता, वळसा घालून दुकानात जातो. पाकीट त्याच्या दाराच्या फटीतून आत टाकले. आत पडल्याचा आवाज मला येणार नव्हता, म्हणून बोट घालून पाहिले. मग आलो परत.

आज अकरा दिवस झाले. मंगळवारी त्याने डबा नेहमीसारखाच मी आत गेल्यावर आणला. तेव्हा समजलो, उत्तर येणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित उत्तर दिले नसते. एवढ्या वर्षांनी कोणी घाबरलो होतो म्हटले, तर त्याचे काय करायचे? रागाची सवय असते, तिच्यावर दिवस निघतो.

म्हणून तुझी मागची खोली मला हवी आहे. चेतनला सांग, व्हिसाचे बघ. घर विकायला काढायचे की नुसते कुलूप घालायचे ते ठरत नाही. निरोप घ्यायला कोणी नाही, त्यामुळे निघायला सोपे जाईल. दुकानातल्या मुलीला सांगेन. ती म्हणेल, बरं बदक, सांभाळून

मध्येच उठावे लागले. माझ्या दाराला घंटेऐवजी दिवा आहे, बटण दाबले की भिंतीवर लाल उजेड लुकलुकतो. कानांची सोय म्हणून नगरपालिकेने बसवला आहे. सोमवारी सकाळी दहाला नर्स येते रक्तदाब बघायला, तीच असणार म्हणून बाही वर सरकवतच दार उघडले.

दारात रॉय आहे. एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर. एवढासा रस्ता ओलांडून त्याला धाप लागली आहे. ती धापही आमच्याच खाणीच्या धुळीची. मी बाही वर केलेला तसाच उभा राहिलो. त्याने काही म्हटले, मला ऐकू आले नाही. मी कानाकडे बोट दाखवले. त्याने स्वतःच्या कानाकडे दाखवले. मग तो आत आला आणि शालूच्या खुर्चीत बसला, विचारले नाही.

तो दम खातो आहे, तेवढ्यात हे चार शब्द लिहिले. व्हिसाचे जरा थांबव. चहा टाकायचा आहे आणि घरात दूध अर्धाच लिटर आहे.

तुझा,
बालाजी