गोंदाने चिकटवलेलं जेवण

सोमवार, ३ फेब्रुवारी

कहर आहे! आज मुलांच्या वॉर्डात एक बाई आल्या — मुलं त्यांना खेळताई म्हणतात. पिशवीत फेल्टच्या जाड, मऊ कापडाचे रंगीत तुकडे, कात्र्या, गोंद, कापूस. म्हणे, "चला, आज खाऊ बनवायचा!"

खाऊ! माझ्या लेकीच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय. नाकात नळी. तोंडाने पाण्याचा थेंबही बंद. अशा पोरीपुढे खाण्याचा खेळ मांडायचा? अक्कल गहाण ठेवलीय का? मी स्वतः जिन्यात उभी राहून डबा खाते, तिला वास येऊ नये म्हणून. आणि ह्या!

तोंडावर सांगितलं — आमच्या खाटेकडे फिरकू नका.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हे म्हणतात, "करू दे की. तेवढाच विरंगुळा." ह्यांचं काय जातं! संध्याकाळी येतात, पोरीचे केस कुरवाळतात, निघतात.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात पोरीने डाव साधला! परत येते तर मांडीवर ट्रे, बोटं गोंदाने बरबटलेली. वेडावाकडा कापलेला पांढरा तुकडा, त्यावर पिवळा गोल, आत कापूस — अंडं! वॉर्डात सुई चालत नाही, म्हणून सगळं चिकटवायचं आणि वाळेपर्यंत कडांना कपड्यांचे चिमटे लावायचे.

खेळताईंना फैलावर घेणार, तोच पोर म्हणाली, "आई, हळू बोल ना. गाजर वाळतंय."

इतके दिवस मान उचलत नव्हती. आज ताठ बसली होती. तरीही मला राग आलाच. मला न विचारता!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पोरीने खानावळच थाटलीय. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने पिझ्झा परत पाठवला — "चीज कमी आहे." हिने त्याला असा झापला!

मग मला म्हणाली, "तू जिन्यात जाऊन जेवतेस ना? मला माहितेय. इथेच बस. तू तुझं खा, मी माझं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसले. पोळीचा तुकडा नुसताच मोडत राहिले. ती मात्र फेल्टचं अंडं ओठांशी धरून मिटक्या मारत होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांनी सगळा खाऊ उचलला! "कापडावर जंतू बसतात. तपासणी आहे." पोर रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "आणि तुमच्या त्या मळक्या पडद्यांवर जंतू बसत नाहीत वाटतं?" खेळताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हाकललं होतं, तरी! शेवटी ठरलं — ज्याचा खाऊ त्याने आपल्याच डब्यात ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. म्हणजे खानावळ बंद! हा कुठला न्याय?

पण अंडं परत मिळालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नळी निघाली. डॉक्टरांनी स्वतः पहिला चमचा भरवला — गाळलेलं सूप. आम्ही सगळे खाटेभोवती उभे. तिने गिळलं. तोंड वाकडं केलं. "शी, अळणी! माझं अंडं बरं होतं."

डॉक्टर हसले. हे भिंतीला टेकून हमसाहमशी रडले. मी तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले — मीठ कुठाय?