एलीझच्या फाईलमधला फोटो

मंगळवार, हमद टाउन

डोकं अजून भणभणतंय. एलीझ, माझ्याकडे शिकवणीला येणारी फ्रेंच शाळेतली मुलगी, आज इंग्रजी साहित्याच्या तोंडी परीक्षेचा सराव करायला आली होती. विषय ‘स्थलांतर’. नेमलेले उतारे आणि आपल्या पसंतीचा एक फोटो, यांवर परीक्षकांसमोर बोलायचं. तिने फाईल उघडली, तर फोटोत अब्बा! सित्र्याच्या वर्कशॉपहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरताना, हातात जेवणाचा डबा. कधी काढला हिने? विचारलंही नाही, ना मला, ना त्यांना.

“हा थकलेला माणूस आपल्या डब्यासारखाच रिकामा झालाय,” ती इंग्रजीत म्हणाली. अब्बा तेव्हा तिच्यापुढे चहा ठेवत होते. त्यांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं. मी तिला हाकलायला हवं होतं. केलं काय? ‘थकलेला’ नको, ‘झिजलेला’ म्हण, परीक्षकांना आवडेल, असं सुचवलं. शिकवणीचा रोगच हा, दुसरं काय!

“पोरगी काय फाडफाड बोलते! कशावर बोलली?” अब्बांनी विचारलं.

“एका गोष्टीवर,” मी म्हटलं.

खूश होऊन त्यांनी त्याच डब्यात तिच्यासाठी सांदणं भरली. लगेच तिचा मोबाईल बाहेर. अब्बा डबा छातीशी धरून ताठ उभे राहिले, तोंडभर हसत.

“हसरा फोटो माझ्या विषयात बसणार नाही,” एलीझ मला हळूच म्हणाली.

आणि मी, त्यांची मुलगी, म्हणाले, “अब्बा, हसू नका.”

त्यांनी लगेच ओठ मिटले.