बोरीची झोळी

५ सप्टेंबर १९७४
वा! मानोऱ्याजवळच्या गायरानावर मी आता साहेब. कारंज्याला भावांच्या हाताखाली राबण्यापेक्षा हे लाखपट बरं. बोरी-बाभळीची झुडपं मारून गवताला जागा करायची, एवढंच काम. खोड जमिनीलगत छाटायचं, ताज्या घावावर डिझेलमध्ये कालवलेलं औषध चोपडायचं, पुन्हा कोंब दिसला की पाठीवरच्या पंपाने फवारायचा. खोली कौलारू, हवेशीर. आढ्याला बाळाची झोळी बांधूनही टाकली. अंजना पुढच्या आठवड्यात तान्ह्याला घेऊन येईल. नाव काय ठेवायचं यावर आमचं भांडण अजून चालूच आहे!

९ सप्टेंबर
आज डोकंच फिरलं. शेळ्या चारणारी विमलबाई कडेच्या एका बोरीला रिकामी झोळी बांधून झोका देत बसते. तिचं तान्हं पोर त्या बोरीखाली पुरलंय, असं मजूर देवमन सांगत होता. तिने हात जोडले. साहेब, बाकी सारं मारा, येवढी बोर राहू द्या न, म्हणाली. मला हसू आलं. तर सगळ्या मजुरांसमोर म्हणते, तुले लेकरू हाय का नाही रे? मला अरेतुरे! शेळ्या वळणारी बाई!

१० सप्टेंबर
तीच बोर आधी पाडली. देवमन हात लावेना, म्हणून मीच कुऱ्हाड चालवली, औषधही दुप्पट चोपडलं. बरी जिरली. विमलबाई रडली नाही की भांडली नाही. झोळी सोडून तिने घडी घातली. माह्या लेकराची झोळी उतरवली यानं, आता थे लेकरू दुसरी झोळी पाह्यते, एवढंच देवमनला म्हणाली. पाहू दे!

१४ सप्टेंबर
अंजना आली. बाळ गुटगुटीत, झोळीत मजेत झोपतं. पण झोळीच्या बरोबर खाली, सारवलेल्या भुईतून बोरीचा कोंब निघालाय. बोरीची मुळं लांब जातात, कबूल. पण इथवर? फवारून टाकला.

१६ सप्टेंबर
पुन्हा कोंब. वाळतच नाहीत मेले. अंजना म्हणते, कुठे काय आहे? देवमनलाही दिसेनात. विमलबाई दारावरून शेळ्या नेते, झोळीकडे बघते अन् हसते. माझ्याशी वैर धरते काय! पंप भरून दाराशीच ठेवलाय.

१७ सप्टेंबर, दुपार
झोळी हलून राहिली, आपली आपण. अंजना विहिरीवर. बाळालाही कडेवर नेलं असणार.
वाकून पाहिलं. आत बोर. काटे, पालवी, गच्च भरलेली. माझी चाहूल लागताच पाला वळवळला—
म्हटलं थांब, तुझं मूळच जाळतो. नळी आत खुपसली. पंप रिकामा होईस्तोवर त्याचा दांडा हापसत राहिलो. हापसतच—
आता हलत नाही. जिरली.
अंजना आली. एकटीच. हंडा उतरवून राहिली. बाहेरूनच विचारते, बाळ उठला का हो—
झोळीतून काटे कुठे गेले— हे तर अंगडं—
अंजना, आत येऊ नको, तू आत