कार्ड तुमच्या नावाचं

आबा, तुमचा राग येणं कधीच थांबलं. आता नुसती शिसारी येते. बापाला असं लिहू नये हे कळतं मला, पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोण माझे कान उपटणार आहे.

विक्रोळीच्या चाळीतली आपली खोली, रविवारची सकाळ. कारखान्याला सुट्टी, म्हणून गावच्या मुंबई मंडळाची मीटिंग आपल्याकडे. तुम्ही चिटणीस. मुंबईकरांनी वर्गणी भरायची आणि गावच्या घरांना आजारपणात फुकट उपचार मिळायचे, ही विम्याची कल्पना तुमचीच, आणि चांगली होती, ते मी नाकारत नाही. वाद एवढाच की योजना चालवायची कुणी. घाटकोपरचे मास्तर म्हणत होते, गावच्या सरकारी आरोग्य केंद्राला जोडा, आहे ते सुधारू. तुम्ही हसलात. "मास्तर, तिथे डॉक्टर मंगळवारी उगवतो, तोही उगवला तर. कुत्रं विचारत नाही तिथे." आणि सगळी योजना तालुक्याच्या खाजगी डॉक्टरच्या हाती दिलीत. त्याच्या हॉस्पिटलची फरशी चकचकीत होती, त्याने तुम्हाला खुर्ची दिली होती, थंडा पाजला होता. तेवढ्यात विरघळलात.

नावांची नवी यादी करायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. गणपतीच्या वर्गणीची यादी होती, तीच उचललीत. तिच्यात घर म्हणजे मुंबईतला पुरुष. तो इथे मशीनवर उभा, बायकापोरं तिकडे गावात, आणि कार्ड मात्र त्याच्या एकट्याच्या नावाचं. झकास काम झालं म्हणत सगळे चहा प्यायले.

मी तेवढी शाळेसाठी तुमच्याजवळ मुंबईत, आई गावीच. दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. काकाने तिला बैलगाडीत घातलं. सरकारी केंद्र वाटेतच. नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, आत आणा, सलाईन लावते, जीप मागवते. पण तुम्ही पत्र लिहून बजावलं होतं, सरकारी पायरी चढायची नाही. गाडी पुढे गेली. तालुक्याला काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट करून बघितलं. पेशंट बाई, कार्ड पुरुषाचं. ज्याचं कार्ड त्याची सही आणा, नाहीतर आधी डिपॉझिट भरा. काकाने तुमच्या कारखान्यात ट्रंक कॉल लावला. "कार्ड वयनीच्या नावाचा नाय, असा म्हणतत," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तुम्ही फोनवर ओरडलात, मी सांगतोय ना, घ्या तिला आत. त्यांना सही हवी होती. आई दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर कण्हत होती, आणि तिथेच गेली. नर्सबाईने तिला वाचवलं असतं का, मला माहीत नाही. तिने नाव विचारलं नव्हतं, असं काका म्हणाला.

तेराव्यानंतरच्या रविवारी पुन्हा मंडळ जमलं. दोन मिनिटं उभे राहिलात सगळे. मास्तरांनी हळूच विचारलं, आता तरी बदलूया का? तुम्ही खाली बघत म्हणालात, "डॉक्टरची काय चूक? तो नियमाने वागला. कागद आपल्याकडूनच नीट गेले नाहीत." स्वतःची बायको गेलेली, आणि तुम्ही त्या माणसाची वकिली करत होतात. पुढच्या वर्षासाठीही तोच डॉक्टर, हात वर करून मंजूर. पहिला हात तुमचा. मग त्याच हाताने तुम्ही मला भात वाढलात.

आज मुलुंडच्या माझ्या घरात बसून हे लिहिलं. पाठवायचं तर कुठेच नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक होती, पण तुम्ही मला ती कधीच बोलून दाखवली नाहीत. ती सगळी कार्डं मी लिहिली होती. नववीत होते. आपल्या घराच्या कार्डावर तुमच्या नावाखाली आईचं नाव मावेल एवढी जागा होती. लिहू का, असं विचारणारच होते. तेवढ्यात तुम्ही मागून डोकावलात आणि म्हणालात, काय मोत्यासारखं अक्षर आहे गं. मी खूश झाले आणि पुढचं कार्ड घेतलं.