थोरलीची पाठवणी

२ ऑक्टोबर

थोरली खात नाही. टाकलेली गांडुळं विहिरीच्या तळाशी तशीच मरून पडतात. हे असते तर म्हणाले असते, "रुसलीय. तूच काहीतरी बोलली असशील."

कशाला बोलू? वाम ती. मासा. हे लहान असताना सासऱ्यांनी नदीतून आणून सोडलेली — अळ्या-किडे खाते, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. मी या घरात आले तेव्हा ती होतीच. "ती थोरली, तू धाकटी. जरा सांभाळून राहा," हे मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी खरंच दुसरी बायको समजून रडले होते! मग हात धरून विहिरीपाशी नेलं. हसून हसून खोकला आला त्यांना.

५ ऑक्टोबर

दुपारी आरसा धरून विहिरीत कवडसा पाडला. दिसली. ओळखूच येईना! पोट पिवळट होतं, ते नव्या भांड्यासारखं चकचकीत. पाठ काळी. आणि डोळे — केवढे मोठे झालेत!

मी इस्त्री करते त्या लॉन्ड्रीत एक मुलगी पांढरा कोट टाकते, ती सरकारी खात्यात नदीतले मासे तपासते. तिला सांगितलं. हातातला कोट तिथेच विसरून गेली.

८ ऑक्टोबर

मुलगी आली. काठावर पालथी पडून बघत राहिली, कपडे चिखलाने भरले. "काकू, हिची वेळ झाली. हिला समुद्रात जायचंय."

मग पायरीवर बसून सांगत होती. वामी जन्मतात खोल समुद्रात, वाढतात नदीत. शेवटी एकदाच परत जातात — अंडी घालून मरायला. वाटेत काही खात नाहीत. महिनोन्‌महिने फक्त अंगातल्या चरबीवर पोहायचं!

"मग नदीतल्या बाकीच्या?" मी विचारलं.

त्या आयुष्यभर कारखान्यांच्या पाण्यात असतात. विष चरबीत साठत जातं. एका जागी आहेत तोवर निभतं. निघाल्या, चरबी जळायला लागली, की ते विष रक्तात उतरतं. अंड्यांत उतरतं. कित्येक पोचत नाहीत, पोचल्या तरी पिल्लं जगतील याचा भरवसा नाही. "मी उघडून बघते ना काकू. काळीज सुजलेलं, गाठी आलेल्या. म्हणून तर कमी होत चालल्यात."

विचारलं, नाही सोडली तर?

"राहील अजून काही वर्षं. रंग उतरेल. अंडी पोटातच जिरतील."

विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली.

९ ऑक्टोबर

ठेवून घ्यावीशी वाटते. यांना शाळकरी पोर असताना बघितलेलं आता दुसरं कोण उरलंय?

१२ ऑक्टोबर

पाणी अगदी चांगलं निघालं. मुलगी फोनवर ओरडलीच! — "काकू, अख्ख्या नदीत अशी निरोगी वाम मिळायची नाही. हिची अंडी जगतील!"

मला उगाच अभिमान वाटला. सवतीचा.

तिला टाकीच्या गाडीतून थेट खाडीवर नेऊन सोडायची म्हणाली. पण गाडीला वरून परवानगी लागते. साहेब दौऱ्यावर. महिना जाईल. "जमलं तर थांबा, काकू."

१४ ऑक्टोबर

थोरली थांबते कसली! संध्याकाळी विहिरीच्या भिंतीवर चढते, घसरते, पुन्हा चढते. धप्प आवाज येतो. आज कवडशात बघितलं — नाक खरचटून सोललंय.

जेवताना मुलाला म्हटलं, हिचं काय करू? तो रंगाच्या कारखान्यात फिटर आहे. घास तसाच धरून विचार करत बसला, बापासारखा. मग म्हणाला, "आई, सोमवारपासून आमचा वार्षिक बंद. आठवडाभर मशीन चालत नाही. दरवर्षी बंदात नदीचा रंग जातो की नाही? पहिल्याच दिवशी सोडू. पूर्ण आठवडा मिळेल तिला समुद्र गाठायला."

किती सोपं! मला कसं सुचलं नाही?

१५ ऑक्टोबर

लॉन्ड्रीवाल्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, वहिनी. एरवी नदी बघून कळतं यंदा बाजारात कुठला रंग चालणार! बंदातच काय ती पाण्यासारखी दिसते."

त्यांनी पोतं दिलं. पोत्यात पाइपचा तुकडा घालून तळाशी सोडायचा, अंधार मिळाला की आपण होऊन शिरते — हे मुलीने शिकवलेलं.

१८ ऑक्टोबर

शिरली. पोतं जड लागलं आणि मी त्याचा दोर काठावर घट्ट बांधला. रात्रभर पोत्यासकट पाण्यातच ठेवणार. उद्या संध्याकाळी मी आणि मुलगा मिळून नेऊ.

यांच्या शर्टाच्या घडीला आज पुन्हा इस्त्री केली. वापरायचा नाही कुणी. तरी.

१९ ऑक्टोबर

सकाळीच सुपरवायझरचा फोन आला. मुलगा चप्पल घालतच बाहेर पडला. कंत्राटी माणसं आली नाहीत, म्हणून कायमच्या कामगारांना बोलावलंय. काय काम, त्यालाही माहीत नाही. "बहुतेक दोन दिवस तिकडेच झोपावं लागेल. तू एकटी उचलू नकोस गं!"

उचलली. बादलीत घातली, वर ओलं पोतं. दोनदा टेकत, थांबत, दिवेलागणीला नदीच्या पायऱ्यांवर पोचले. पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते. बादली आडवी केली. ती लगेच निघाली नाही. माझ्या हातावरून अंग घासत वळली — गार, नितळ — मग गेली. खाली, कारखान्याच्या बाजूला. तीच समुद्राची वाट.

लेकीला पाठवताना शिदोरी देतात. हिला काय देणार! म्हटलं, जा बाई. यांचं सगळं घेऊन जा.

घरी येऊन हे गेल्यावर रडले नव्हते तेवढी रडले. पण बरं वाटलं. आपल्या हातून एक गोष्ट पुरी झाली.

२० ऑक्टोबर

बाजारात जाताना पुलावर गर्दी. कारखान्याच्या खाली नदी जांभळट काळी. फेस. मासे उलटे होऊन तरंगत होते, काठाला ढीग. पोरं काठीने ढोसत होती. एक म्हातारा म्हणाला, "दरवर्षीचं आहे. बंदाच्या पहिल्या दिवशी टाक्या धुतात. तळाचा गाळ रातोरात सोडतात. मग पाणी साफ दिसतं, लोक खूश!"

मी काठावर उतरले. एकेक उलटून बघितला. वामी होत्या, करंगळीएवढ्या. थोरली नव्हती. म्हणजे निसटली? की तळाला गेली?

पिशवी तिथेच राहिली. भाजी न घेता परत आले.

मुलीचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

२१ ऑक्टोबर

मुलगा आला. कोपरापर्यंत हात जांभळे, डोळे सुजलेले. दारातच विचारलं, "आई, सोडलीस का तिला?"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. म्हटलं, "छे! एकटीला उचलते का? विहिरीतच आहे."

तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "टाकी मीच धुतली गं. झडप मीच उघडली. मला माहीत नव्हतं."

मग जेवला. म्हणाला, उद्या तिच्यासाठी गांडुळं खणून आणतो.